एकच सीट

पायलच्या आईचं, महामायाचं, बारावीचं वर्ष अर्धवट राहिलं, कारण मध्येच लग्न ठरलं. पंधरा वर्षांनी, पायल आठवीत गेल्यावर, तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि बाहेरून परीक्षेला बसायचं ठरवलं. अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघणार असं ऐकू येत होतं आणि त्या जागेला बारावी पास लागत होती. मराठी, इतिहास, भूगोल तिने शिलाई मशीनवर पुस्तक उभं करून वाचून काढलं. इंग्रजी मात्र एकटीला पेलेना. म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार बुलडाण्याला एका सरांकडे क्लास लावला. इंग्रजीचा तास पहिला, बरोबर अकराला.

अडचण होती ती जीपची. आमच्या धाड गावाहून सकाळी एक एसटी फार लवकर जाते आणि दुसरी दुपारी. मधल्या वेळात काळी-पिवळी जीप. जीप घड्याळ बघून सुटत नाही, भरली की सुटते. कधी साडेनऊला भरते, कधी साडेदहाला. महामायाला घरचं सगळं टाकून तासभर स्टँडवर बसता येत नव्हतं. सासूची औषधं, नवऱ्याचा डबा, लोकांचे ब्लाउज. आणि हातातलं उरकून निघावं तर जीप नुकतीच गेलेली. दुसरी भरेपर्यंत बुलडाण्यात इंग्रजीचा तास संपलेला. तीन आठवड्यांत नऊ तास झाले, त्यातल्या दोनच तासांना ती पोचली, तेही उशिरा.

हे मला पायलने एका रविवारी सांगितलं. रविवारी सकाळी विहाराच्या हॉलमध्ये मी मुलांना कॉम्प्युटर शिकवते. मी स्वतः शाळेतून निवृत्त झाल्यावर शिकले. मुलांच्या एक धडा पुढे असते, फार नाही.

"बाई, माय बाबाले सांगत होती," पायल म्हणाली. "दिवाळीपर्यंत पाह्यते, नाई जमलं तं क्लास सोडून देते. अन् क्लास सोडला तं थे परीक्षा बी सोडन. मले माहीत हाय तिचं."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"ॲप."

तिची कल्पना साधी होती. जीपमध्ये किती माणसं बसली तो आकडा ड्रायव्हर गोकुळदादाने मोबाइलवर टाकायचा. आईने घरी काम करता करता तो बघायचा. सात-आठ झाले की निघायचं. घर ते स्टँड पाच मिनिटं.

मला कल्पना फार आवडली. तिच्या वर्गातला धम्मदीप मदतीला आला आणि दोघांनी दोन दिवसांत एक पान तयार केलं. मध्ये मोठा आकडा, बाकी काही नाही. तिथेच थांबायला हवं होतं. पण पहिली चूक माझी झाली. चौतीस वर्षं मी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज सुविचार लिहिला होता. ते रिकामं पान मला अपुरं वाटलं. मी म्हटलं, "उघडल्या उघडल्या आधी एक सुविचार दिसला तर?"

बाईंनी सांगितलं म्हटल्यावर सुविचार आला. मग गावाला कळलं.

पंजाबराव म्हणजे जीपस्टँडवर नंबर लावणारे आणि प्रवाशांना हाका मारणारे गृहस्थ. ते म्हणाले, "पोट्टेहो, पहिल्या पानावर माहा फोटो पाह्यजे. स्टँड माह्यावर चालते." त्यांनी गॉगल लावलेला फोटो दिला. पायलचे वडील धम्मरत्न गवंडी आहेत, शेत नाही, तरी त्यांना सोयाबीनचा भाव हवा होता. गोकुळला गाणं हवं होतं. तिसरीतल्या छकुलीने ज्याचा वाढदिवस असेल त्याच्यासाठी फुगे मागितले. धम्मदीपने स्वतःच्या मनाने नाव, पासवर्ड आणि ओटीपी घातला, कारण मोठ्या ॲपमध्ये तो असतोच. शिवाय ड्रायव्हरला तारे द्यायची सोय.

आमच्याकडे कोणी काही मागितलं तर तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. 'हाव, पाह्यतो' म्हणायचं आणि विसरून जायचं. मागणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, तोही राग मानत नाही. पायल मात्र अजून लहान. तिने प्रत्येकाला 'हाव' म्हटलं आणि प्रत्येकाचं खरंच केलं.

सहामाही परीक्षा संपून सुट्ट्या लागल्या आणि सोमवारी ॲप सुरू झालं. मी स्टँडवर गेले तेव्हा गोकुळ एका हाताने कोंबड्यांची टोपली टपावर चढवत होता आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून होता. पायल शेजारी उभी.

"दादा, चार झाले ना? चार टाका."

"टाकतो व माय, पण हे मले विचारून राह्यलं, तुमी कोण?"

"तुमी गोकुळ."

"थे मले माहीत हाय. त्याले काऊन माहीत नाई? काल तं सांगतलं होतं!"

"पासवर्ड टाका दादा. मंग ओटीपी येईन."

ओटीपी आला तोवर गोकुळचा मोबाइल कोंबड्यांच्या टोपलीखाली होता. जीपमधले एक आजोबा ओरडले, "गोकुळ, जीप चालवतं का पेपर सोडवून राह्यलास बे?" ओटीपीची वेळ संपली. दुसरा मागवला. मग सुविचार आला. तो वाचल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. मग पंजाबरावांचा फोटो हळूहळू वरून खाली उमटू लागला. केस दिसले, कपाळ दिसलं, गॉगल अर्धा दिसला आणि मोबाइल अडकला.

"काका, गॉगल भाड्यानं आणला का?" चहावाल्याने विचारलं.

"सासुरवाडीचा हाय! भाड्याचा म्हणते!"

कसाबसा चारचा आकडा लागला. त्याच वेळी फुगे उडाले, कारण त्या दिवशी कोणाचा तरी वाढदिवस होता. फुगे बघायला सगळं स्टँड गोळा झालं. पाचवा, सहावा, दहावा प्रवासी बसला, ॲपवर चारच. पावणेदहाला जीप भरली. गोकुळने मोबाइल खिशात टाकला, अर्धं अंग दाराबाहेर काढून बसला आणि निघून गेला.

आकडा हलत नाही म्हणून दहाला महामाया स्वतःच आली. तिच्या मोबाइलवर अजून चार दिसत होते. त्यावर माझा सुविचार होता, वेळेच्या सदुपयोगाबद्दल.

"गेली?" तिने विचारलं.

चहावाल्याने बुलडाण्याच्या रस्त्याकडे हात केला. महामाया रागावली नाही. तिने पायलच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे व. लय सुंदर बनवलं तू. फुगे तं मस्तच हायेत." आणि पिशवी सावरत घराकडे वळली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तरी पायलला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. डोळे सुजलेले. "बाई, बंदच करून टाकू. मायचा तास गेला माह्यापाई."

"बंद नको करू," मी म्हटलं. "उद्या सकाळी नऊला स्टँडवर ये. धम्मदीपलाही आण. मोबाइल पिशवीत ठेवायचा. काही करायचं नाही, नुसतं पाहायचं."

"काय पाह्याचं?"

"मलाही माहीत नाही. म्हणून तर जायचं."

मंगळवारी आम्ही तिघं चहाच्या टपरीसमोरच्या फळीवर बसलो. पहिली दहा मिनिटं मुलं चुळबुळत होती. मग एक माणूस आला, जीपच्या खिडकीतून आत रुमाल टाकला आणि कुठेतरी निघून गेला. पाठोपाठ एका बाईने सीटवर पिशवी ठेवली आणि दवाखान्याकडे गेली.

"बाई, रुमाल म्हंजे माणूस धराचा का?" धम्मदीपने विचारलं.

"गोकुळला विचार."

गोकुळ म्हणाला, "रुमाल कोणाचा हाय त्यावर हाय. हा भगवंतरावाचा. म्हंजे तीन माणसं. मागून बायको येते अन् तिची बहीण."

"अन् पिशवी?"

"पिशवीचा भरोसा नाई."

मांडीवरचं मूल मोजायचं की नाही? टपाला लोंबकळून जाणारा मोजायचा की नाही? कागदावर जीप नऊ जणांची आहे, पण नऊवर ती आजवर कधी सुटलेली नाही. पायलने तीनदा मोजलं आणि तीन वेगळे आकडे आले.

"बाई," ती हळूच म्हणाली, "म्हंजे गोकुळदादानं काल बरोबर टाकलं असतं, तरी आकडा खोटाच राह्यला असता."

मुलांना असं काही सापडतं तेव्हा आपण मध्ये बोललो की ते आपलं होऊन जातं.

इतका वेळ पंजाबराव एका सुरात हाका मारत होते, "बुलडाणा, बुलडाणा, बसा बुलडाणा." टपरीवरचे लोक निवांत चहा पीत होते. एकाएकी पंजाबरावांचा आवाज चढला. "एकच सीट! चला, एकच सीट! एकच सीट!"

टपरीवर कप आदळले. एकाने बशीतला उरलेला चहा एका घोटात संपवला. भगवंतराव कुठूनसे प्रकटले, मागे बायको, मागे मेहुणी. पायल पळत जाऊन जीपमध्ये डोकावली आणि परत आली.

"चार जागा खाली हायेत! काका, चार हायेत तं एकच काऊन म्हणता?"

पंजाबरावांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. "चार हायेत म्हटलं तं माणूस अजून एक चाय मांगवते. एकच म्हटलं तं पळत येते."

"पण सगळ्याईले माहीत हाय ना, एकच म्हंजे चार?"

"हाव. तरी पळतेत. तूच पळाली ना आता?"

पायलने माझ्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं. हाक चढल्यापासून नऊ मिनिटांनी जीप सुटली. आम्ही दुसरी जीप भरेपर्यंत बसलो. तिथेही तेच. एकच सीट, आणि आठ मिनिटांनी गाडी रस्त्यावर.

पायल उठून उभी राहिली होती. "बाई, माणसं मोजाचीच नाईत! काका 'एकच सीट' म्हणतेत, थे मायले घरी ऐकू आलं की झालं. बस्स. दुसरं काहीच नाई पाह्यजे."

दुपारी आम्ही हॉलमध्ये बसलो. काढायचं काम घालण्यापेक्षा अवघड असतं, कारण प्रत्येक गोष्टीला एक माणूस चिकटलेला असतो. पायल पहिल्याच पानावर थांबली आणि माझ्याकडे बघू लागली.

"बाई, तुमचा सुविचार..."

"काढ," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण तो पुसला गेला तेव्हा क्षणभर फळा कोणीतरी हिसकावून घेतल्यासारखं वाटलं.

सोयाबीनचा भाव गेला. गाणं गेलं, तारे गेले. छकुलीने फुग्यांचं दुःख चटकन आवरलं, तिला खरे फुगे मिळणार होते. ओटीपीपाशी मात्र धम्मदीप अडून बसला.

"कोणी चोर घुसला तं?"

"घुसून काय करन?" पायल म्हणाली. "एकच सीट म्हणन?"

धम्मदीपने थोडा विचार केला आणि स्वतःच हसू लागला. ओटीपी गेला. तरी एक गोष्ट त्याने सोडली नाही, आणि ती बरोबर होती. बटण फक्त पंजाबरावांच्या मोबाइलवर असावं, बाकी सगळ्यांकडे नुसता आवाज. नाही तर पोरं दिवसभर दाबत बसतील. पायलने ते लगेच मान्य केलं.

शेवटी उरला फोटो. तो पायलने तिथेच पुसला, पण पंजाबरावांना सांगायचं बाकी होतं. बुधवारी सकाळी ती स्टँडवर गेली. मी टपरीपाशीच थांबले.

"काका, तुमचा फोटो काढून टाकला."

"का? खराब आला होता का?"

"नाई. चांगला होता."

"मंग लहान करून ठेव कोपऱ्यात. एवढुसा."

मला वाटलं आता 'हाव, पाह्यतो' येणार. पायलने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"नाई काका. एवढुसा बी नाई."

चहावाल्याने गाळणी तशीच हवेत धरली. तोंडावर नाही, आणि तेही पंजाबरावांना, आणि तेही आठवीतल्या मुलीने.

"अरे व्वा! म्हंजे स्टँडवरून मलेच काढलं म्हण ना!"

"तसं नाई काका. फोटो उघडेस्तोवर माह्या मायची जीप जाते. तिचा तास बुडते."

"कायचा तास? थे तं बजारले जाते ना?"

"क्लासले जाते. बारावीच्या. इंग्लिश हाय पहिल्या तासाले."

पंजाबरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "महामाया बारावी शिकून राह्यली? अन् मी तिले म्हणत होतो, बाजार कुठी पळून चालला का व?" मग एकदम आवाज चढवून, "मंग हे पहिल्या दिवशी सांगाचं ना! गॉगल घालून फोटो काढत बसलो मी! सांग, मले काय करा लागते?"

पायलने त्यांच्या मोबाइलवर दाखवलं. पूर्ण पडदा म्हणजे एकच पिवळं बटण. अंगठा कुठेही पडला तरी चालतो, मोबाइलची काच तडकलेली असली तरी, एका हातात कोणाची बॅग असली तरी. ते दाबलं की ज्यांना ज्यांना हवंय त्यांच्या घरी पंजाबरावांचा आवाज वाजणार. त्यासाठी आवाज एकदा भरून घ्यायचा होता.

"माहा आवाज? सगळ्याईच्या घरी?" पंजाबराव घोटभर पाणी प्यायले, घसा साफ करून सरळ उभे राहिले. "सर्व प्रवासी बंधू आणि भगिनींना कळवण्यात येते की..."

"काका, लग्नाची पत्रिका नाई वाचाची," गोकुळ म्हणाला.

"रोजच्यासारखं म्हणा काका," पायल म्हणाली. "फक्त दोन शब्द."

"दोनच?"

"दोनच."

समोर जीप नव्हती म्हणून त्यांना सूर लागेना. शेवटी गोकुळने जीप पुढे आणून उभी केली, चार पोरं आत बसवली, तेव्हा कुठे खरा आवाज निघाला. त्या बुधवारीही महामायाचा तास चुकलाच, पण तयारी पुरी झाली होती.

शुक्रवारी मी ब्लाउजच्या मापाचं निमित्त काढून तिच्या घरी जाऊन बसले. माप घेऊन झालं तरी उठले नाही. महामाया मशीनवर होती, पायल दारात. महामायाच्या सासूबाई झुंबरबाई बाजेवर मटार सोलत होत्या. साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. पायल दर मिनिटाला फडताळावरच्या मोबाइलकडे बघत होती. महामायाने एकदाही मान वर केली नाही. तिने बाहीची शिवण पुरी केली, दोरा तोडला, दुसरी बाही घेतली.

"एकच सीट!"

झुंबरबाईंच्या हातून मटार सांडले. "कोण मेलं घरात आलं व!"

महामायाने सुई कापडात तशीच ठेवली, पदर नीट केला, पिशवी उचलली. पलीकडच्या गल्लीतूनही पाठोपाठ तोच आवाज आला, त्याच्यामागून आणखी एका घरातून. महामाया चालत गेली, पळाली नाही. आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो. लांबून जीप दिसत होती. आत कोणीतरी सरकून तिला जागा दिली. पंजाबराव हाताने तिला घाई करत होते आणि तोंडाने गोकुळला थांबवत होते. मग गोकुळ अर्धा बाहेर, अर्धा आत, आणि जीप बुलडाण्याच्या रस्त्याला लागली. पायलने माझं मनगट पकडून घड्याळ वळवलं. दहाला चार मिनिटं कमी होती.

दोन वाजल्यापासून पायल दाराच्या पायरीवर बसून होती, मीही घरी गेले नव्हते. पायलला आईला खूप काही विचारायचं होतं. आवाज मोठा होता का, आणखी मोठा हवा का, बटण लवकर दाबलं का, उशिरा दाबलं का. वहीत प्रश्न लिहून ठेवले होते.

तीनला महामाया आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी बोलू लागली. "बाई, तुमी हायेत ना अजून? बसा, बसा. आज सरनं माह्याकडून वाचून घेतलं! पहिल्या दहा मिनटात थे सगळ्याईकडून एकेक उतारा वाचून घेतेत. मी कधी पोचतच नव्हती तवा. उशिरा जाऊन मागं बसाची, अन् मले वाटे हे लय कठीण हाय बाप्पा. कठीण नाई! पहिले दहा मिनटं ऐकले की पुढचं सगळं समजते."

"माय, आवाज..." पायल म्हणाली.

"थांब न. मधमाश्यांचा धडा हाय. मी एक शब्द चुकली, सर म्हणले फिरून वाचा. फिरून वाचला, तं बरोबर!"

"माय, पण ॲप कसं वाटलं?"

महामायाने पुस्तक काढता काढता विचारलं, "कोणतं ॲप?"

"अवं, जीपचं!"

"थे होय? वाजलं, मी गेली. त्याचं काय?" आणि ती पुस्तकाची पानं उलटू लागली.

पायल माझ्याकडे वळली. चेहरा पडलेला. मी तिच्याकडे बघून हसत राहिले. हळूहळू तिच्याही लक्षात येत गेलं, आईला ॲप आठवूही नये इतकं ते बरोबर चाललं होतं. तिने वहीतल्या प्रश्नांवर एक आडवी रेघ मारली आणि आईला खेटून बसली.

महामायाने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. मोठ्याने, एकेक शब्द तोडून, पण न थांबता. मध्ये पायल उच्चार सांगायला गेली तर म्हणाली, "मधात बोलू नको, मले माहीत हाय." पुस्तकाच्या आतल्या बाजूला तिने पेनाने रकाने आखले होते, सोम, बुध, शुक्र, सोम, बुध, शुक्र, दिवाळीच्या कितीतरी पुढे, थेट फेब्रुवारीपर्यंत. पहिल्या रकान्यात आजची बरोबरची खूण होती.

"काय म्हणून राह्यली थे?" बाजेवरून झुंबरबाईंनी विचारलं.

महामायाने पुस्तक मांडीवर उलटं ठेवलं आणि सासूला सांगू लागली. मधमाशी फुलावरून परत येते, पोळ्यावर नाचून दाखवते, मग बाकीच्यांना कळते फूल कुठी हाय अन् किती दूर हाय. कुठेही अडखळली नाही. सांगून झाल्यावर तिने पुस्तक सुलटं केलं आणि पुढच्या उताऱ्यावर बोट ठेवलं.